रापणीचा दोर, सातवीचा तास

तालुक्याहून यायची विज्ञानपेटी
याही बुधवारी आली नाही.
मग वासू तांडेलाकडून मागून आणला
जुन्या रापणीचा दोर,
अजून खारट, अजून बांगड्याच्या वासाचा.
टोकाला टोक गाठलं
आणि सातवीच्या अठरा जणांना
सुरूच्या बनाबाहेर, वाळूत, गोल उभं केलं.

दोर मुठीत धरा, पण सैल.
सरकू द्या, अडवू नका.
हा आपला परिपथ.
सर्किट म्हणा हवं तर, दोर तोच.

मी ओढू लागले,
एका हाताने घेत, दुसऱ्याने देत.
मी बॅटरी.
मी दोर तयार करत नाही, पोरांनो,
तो आधीपासून तुमच्या मुठीत आहे,
मी फक्त त्याला चालतं करते.
माझ्या दंडातला जोर मोजायचा व्होल्टमध्ये.
एका श्वासात तुमच्या मुठीतून
किती दोर सरकला, ते अँपिअर.

"बाई, दोर तर गोगलगायीसारखो चलता,
मगे बटण दाबल्याबरोबर दिवो कसो पेटता?"
हा गौरेश. पुस्तक न उघडता
पुस्तकाच्या पुढचं विचारणारा.
मी ओढलं, तेव्हा समोरच्या रोझलिनला
कधी कळलं?
"तेवाच."
झालं तर. दोर सावकाश चालतो,
ओढ सगळ्यांपर्यंत एकदम पोचते.
रापण ओढणाऱ्या तुमच्या आज्यांना
हे ठाऊक होतं,
त्यावर कुणी परीक्षा घेतली नाही एवढंच.

मग हेमांगीला म्हटलं, तू घट्ट धर.
हेमांगी, जिचा आवाज
हजेरीपुरताच ऐकू येतो.
तिने धरलं,
आणि सगळ्या गोलाचा वेग उतरला,
तिच्या अलीकडचा, तिच्या पलीकडचाही.
सावियो ओरडला, "कोण गो अडयता?"
तिने तळवा उघडला. लालबुंद.
"बाई, तापलो."
हा रोध.
आणि तापला, तो आपला बल्ब.
बघा, दोर कुठेच कमी झाला नाही,
जेवढा गेला तेवढा परत आला.
खर्च झाला तो माझा जोर,
तिच्या तळव्यात त्याची ऊब झाली.

गाठ सोडली: बटण बंद.
सगळे जागच्या जागी,
दोर प्रत्येकाच्या हातात तसाच, पण गप्प.

गाठीच्या जागी मग सुतळीचा तुकडा बांधला
आणि चांगला हिसका दिला.
सुतळी तट्कन तुटली,
मी वाळूत बसकण मारली,
हसण्याने बनातले कावळे उडाले.
हा फ्यूज, मी साडी झटकत म्हटलं,
सगळ्यांत बारीक, म्हणून आधी जातो,
आणि घर वाचतं.

दुर्वांक हसला नव्हता.
"बाई, काकाचो हात ओलो होतो.
पंप चालू होतो.
तो या दोरात खय होतो?"

माझ्या टिपणात या प्रश्नाला जागा नव्हती.
लाटा दोनदा येऊन गेल्या.
मग मी त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले
आणि जे खरं ते सांगितलं.
विजेला परतायची वाट लागते.
रबर ती वाट देत नाही, सुकी फळी देत नाही.
ओलं अंग देतं, ओली जमीन देते.
त्या दिवशी तुझा काका वाट झाला.
म्हणून आधी मेन स्विच, मग हात.
म्हणून पायात कोरडी चप्पल.
म्हणून जमिनीत पुरलेली अर्थिंगची तार:
चुकलेल्या विजेला
माणसातून जावं लागू नये.

"आमच्या पंपाक ती नाय होती."
आता आसा?
"आता आसा. बाबान घातली."
त्याने दोराचं टोक उचललं,
तुटलेली सुतळी काढून टाकली
आणि कोळ्याची पक्की गाठ मारली,
मी मारली होती तिच्यापेक्षा बरी.

घंटा झाली. दोर गुंडाळायला
हेमांगी एकटीच मागे राहिली.
तळवा गालाला लावून बघत होती,
ऊब उरलीय का.
मग, हजेरीच्या बाहेर पहिल्यांदाच:
"बाई, फाल्या मी बॅटरी?"